चढ संपल्यावर बंद केलेलं इंजिन

पिकअपच्या इंजिनातून टर्बो बाहेर काढून मी त्याचा शाफ्ट दोन बोटांत धरला आणि हलवून पाहिला. पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखा तो डुगडुगला. टर्बो गेला होता, यात शंका नव्हती. का गेला एवढंच ठरवायचं होतं. ते मी दहा मिनिटांत ठरवलं, आणि ती दहा मिनिटं आजही माझ्या मानगुटीवर बसलेली आहेत.

लातूरच्या एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये मी सर्व्हिस मॅनेजर होतो. ही पिकअप उदगीरच्या विश्वनाथअप्पांची. अप्पांचा मंडप आणि जनरेटरचा धंदा. दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला भला मोठा जनरेटर पिकअपच्या मागं हुकाला अडकवायचा, हौद्यात मंडपाचे पाइप भरायचे आणि देगलूर, बिलोली, नांदेड, जिथं कार्य असेल तिथं न्यायचं. गाडीवर ड्रायव्हर माधव. पस्तिशीचा माणूस, अप्पांकडं कैक वर्षं. आधीची जुनी जीपही त्यानंच चालवलेली.

जुन्या जीपचं इंजिन मोठं होतं आणि त्याला टर्बो नव्हता. नव्या पिकअपचं इंजिन जेमतेम दीड लिटरचं. टर्बो म्हणजे एक छोटा पंखा. सायलेन्सरकडं जाणाऱ्या तापलेल्या धुरावर तो फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त डिझेल, जास्त ताकद. त्यामुळं लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. गाडी रिकामी असताना कधीतरी करावं लागलं तर मजेत करतं. मागं दोन टन बांधून रोज चढावर करायला लावलं, तर मात्र सतत छाती फुटेस्तोवर धावत राहतं. हा पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याला आधार असतो फक्त इंजिनाच्या ऑईलच्या पातळ थराचा.

शाफ्टवर काळी, कडक खपली धरली होती. करपलेलं ऑईल. डिपस्टिक काढली, तर ऑईलची पातळीही खुणेच्या थोडी खाली होती. तेवढ्यात अप्पा केबिनमध्ये आले.

"सायब, एकच सांगा. गाडी कमी पडलाली का डायवर?"

अप्पा आणखी दोन तशाच पिकअप घेणार होते, हे आमच्या जनरल मॅनेजरनं मला सकाळीच सांगून ठेवलं होतं. "देशमुख, गाडी लहान पडते असं एक अक्षर नको," असं ते म्हणाले होते. मी डिपस्टिककडं बघितलं. ऑईल कमी होतंच, म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो. निदान तेव्हा मी स्वतःची अशी समजूत काढली.

"ऑईल बघितलेलं नाही अप्पा. लक्ष नाही ड्रायव्हरचं."

माधव दारातच उभा होता. त्याचा चेहरा पडला.

"आसं कसं सायब? मी लई जपतो गाडीला. टेकावरच्या मारुतीपाशी चढ संपला की लगेच बंद करतो. तेवढाच इंजिनाला इसावा."

मी फॉर्म भरत होतो. "हो, हो," म्हणालो. 'बिघाडाचं कारण' या रकान्यात लिहिलं, 'चालकाचा निष्काळजीपणा.' खाली सही ठोकली.

अप्पांनी फॉर्म वाचला आणि माधवला माझ्यासमोरच सुनावलं, "पुन्हा गाडी बिगडली तर चावी टेबलावर ठिवायची आन् घरी जायाचं." माधव केबिनबाहेर गेला. त्यानं खिशातून फडकं काढून गाडीची काच पुसली. काच आधीच स्वच्छ होती.

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. टर्बोला ऑईल नेणारी बारीक नळी असते. ऑईल करपलं, की तिच्यातही खपली साचते. नवा टर्बो बसवताना ती नळीही बदलायची असते. नळी पुण्याहून यायला चार दिवस लागणार होते आणि अप्पांचं बिलोलीचं लग्न परवावर आलं होतं. मी जुनीच नळी हवा मारून साफ करून घेतली आणि गाडी सोडली.

दीड महिन्यानं, सकाळी अकराच्या सुमारास माधवचा फोन आला. आधी फक्त किंचाळी ऐकू आली. माणसाची नव्हे, इंजिनाची. त्यामागून त्याचा आवाज आला.

"सायब, चावी माज्या हातात हाय, तरी इंजिन बंद हुईना! धूरच धूर!"

काय झालं ते मला कळलं. टर्बो फुटला, की इंजिनाचं ऑईल हवेच्या वाटेनं आत शिरतं. डिझेल इंजिनाला तेही चालतं. मग ते स्वतःचंच ऑईल जाळत सुटतं. चावी काढा, डिझेल तोडा, त्याला फरक पडत नाही. वेग वाढतच जातो आणि शेवटी आतलं काहीतरी तुटून बाहेर येतं. आमच्याकडं याला इंजिन पळणं म्हणतात. पूर्ण नोकरीत मी ते दोनदा पाहिलं होतं.

"कुठं आहेस?"

"टेकावर, मारुतीपाशी! आत्ताच थांबलोय."

"बस आत. पाचवा गिअर टाक, ब्रेक गच्च दाब आणि क्लच एकदम सोड."

असं केलं, की इंजिन गुदमरून बंद पडतं. पण ट्रॉली ओढून ओढून क्लचची पार वाट लागली होती. "घसरलालाय सायब! बंद पडंना!"

"माधव, मग सोड गाडी. ऐकतोस का? लांब पळ. जळू दे तिला, फुटू दे. तू लांब हो."

"हाव," तो म्हणाला.

पण तो गेला नाही. मला बॉनेट उघडल्याचा आवाज आला. किंचाळी आणखी मोठी झाली. मी फोनवर ओरडत होतो. वर्कशॉपमधले सगळे हातातली कामं टाकून माझ्याकडं बघत होते. मग हातोडा पडल्यासारखा एक आवाज झाला आणि पलीकडं सगळं शांत झालं. थोड्या वेळानं दुसऱ्याच कुणीतरी फोन उचलला. "डायवरला लई लागलंय," एवढंच म्हणाला.

हवा तोडून इंजिन गुदमरवायला त्यानं हवेच्या पाइपात खांद्यावरचा टॉवेल कोंबायचा प्रयत्न केला होता. तेवढ्यात इंजिनातला दांडा तुटला आणि इंजिनाचं लोखंडी अंग फोडून बाहेर आला. एक तुकडा त्याच्या उजव्या डोळ्यात गेला. हात कोपरापर्यंत भाजला.

गाडी वर्कशॉपला आली. टर्बो मी स्वतः उघडला. तीच काळी खपली. ऑईलची नळी कापून पाहिली, तर सुईसुद्धा जाणार नाही इतकी बुजलेली. आणि या वेळी मला त्याचं वाक्य आठवलं. चढ संपला की लगेच बंद करतो.

त्या रस्त्यावरचे सगळे ड्रायव्हर टेकावरच्या मारुतीपाशी थांबतात. नारळ फोडतात, नाहीतर नुसते हात जोडतात. देवापुढं इंजिन घुरघुरत ठेवायचं नाही, ही तिथली रीत. जुन्या जिपांना त्याचं काही वाटत नव्हतं. पण दोन टन ओढून वर आलेला टर्बो निखाऱ्यासारखा लाल झालेला असतो. इंजिन बंद केलं, की ऑईलही तिथल्या तिथं थांबतं आणि कढईच्या बुडाला तेल करपावं तसं करपतं. दोन मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवलं असतं, तर टर्बो निवला असता. माधव गाडीला विसावा देत होता आणि त्याच विसाव्यानं ती मरत होती. हे त्यानं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, आणि मी सही करत होतो.

नांदेडच्या दवाखान्यात त्याला भेटायला गेलो. डोळ्यावर पट्टी होती. बायको उशाशी बसली होती. मी खुर्ची ओढून बसलो आणि मला राहवेना, म्हणून विचारलं, "मी लांब पळ म्हणालो होतो ना? का नाही गेलास?"

त्यानं उघडा डोळा माझ्याकडं वळवला.

"सायब, मागच्या बारीला कागदावर तुमीच लिवलं व्हतं, डायवरची चूक म्हनून. आता गाडी सोडून पळालो आसतो तर काय लिवलं आसतं?"

बायकोनं मला पाणी दिलं. मी पेला तसाच खाली ठेवला.

परत येऊन मी नवा रिपोर्ट लिहिला. गाडी या ओढकामाला लहान आहे, नळी न बदलणं ही वर्कशॉपची चूक, पहिल्या रिपोर्टमधलं कारण चुकीचं, गरम इंजिन लगेच बंद करू नये हे चालकाला कुणी सांगितलं नव्हतं, त्याचा दोष नाही. जनरल मॅनेजर म्हणाले, "देशमुख, हे फायलीला लावू नका." मी लावलं. एक प्रत उदगीरला अप्पांच्या हातात नेऊन दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, आणि एवढंच म्हणाले, "ह्ये तवा सांगायचं व्हतं सायब." अप्पांनी मोठ्या इंजिनाची गाडी घेतली, आमच्याकडून नव्हे. तिच्यावर ड्रायव्हर दुसरा आहे. एका डोळ्यावर दोन टनांची ट्रॉली ओढायला कोण देणार? माधव आता लग्नात जनरेटरपाशी बसतो. गाडी जाते तेव्हा शेजारच्या सीटवर असतो.

टेकावर पुजाऱ्याच्या परवानगीनं मी एक पाटी लावली. 'आधी दोन मिनिटं इंजिन चालू ठेवा, मग बंद करून नारळ फोडा.' काही जण पाळतात.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत 'बिघाडाचं कारण' हा रकाना मी सगळ्यात शेवटी भरला. आधी ड्रायव्हरला खुर्ची द्यायची, चहा सांगायचा आणि विचारायचं, गाडी कुठं थांबवतोस, कशी बंद करतोस. त्याचं बोलणं संपेपर्यंत पेनाचं टोपण काढायचं नाही.