मधलं नाव

कॉलेज सुटल्यावर मी जालन्यात ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानात बसतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, म्हणून फॉर्मवर माझा जरा जास्तच विश्वास. तिथे एक माणूस तीनदा आला. एमआयडीसीतल्या लोखंडाच्या कारखान्यात कामाला होता. कागदाला हात लावण्याआधी बोटं शर्टाला पुसायचा.

त्याने एका घटस्फोटित बाईशी लग्न केलं होतं. तिची मुलगी यांच्याकडेच राहायची, पण तिचं नाव अजून परतूरला, पहिल्या वडिलांच्या रेशनकार्डावर होतं. तिथून नाव कमी केल्याचा दाखला असल्याशिवाय ते याच्या कार्डावर चढत नव्हतं. दोनदा मीच त्याला परत पाठवलं. तिसऱ्यांदा तो कारखान्यातली पाळी बुडवून, दाखला घेऊनच आला.

मी सवयीने मुलीच्या नावापुढे त्याचंच नाव टाईप केलं.

"थांबा दादा. तिथं तिच्या बापाचं नाव टाका."

"तुमचंच असू द्या की. कुणी विचारणार नाही."

"विचारू द्या ना! बाप बदलायला न्हाई आल्तो मी. पोरगी माझ्या घरात जेवून राह्यली, मंग माझ्या घरात मोजा. बस."

मी खोडलं, दाखल्यावरचं बापाचं नाव टाकलं. त्याच्याशी असलेल्या नात्याच्या रकान्यात 'सावत्र' लिहायचं का, हे विचारायचा मला धीर होईना. त्यानेच वाकून स्क्रीनवर बोट ठेवलं.

"इथं मुलगी लिहा. बराबर लिहा."

मी लिहिलं. एका मुलीचे दोन बाप एकमेकांना न ढकलता शेजारच्या रकान्यांत बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले.