मालतीबाईंचा पाय

हैदराबादेत हिमायतनगरच्या एका गॅरेजवाल्याने मालतीबाईंना फसवले. मोठ्या इंजिनाचे, जास्त पेट्रोल फवारणारे इंजेक्टर त्यांच्या छोट्या गाडीत बसवले आणि ओरिजिनल म्हणून सांगितले. बाई आज नाहीत, म्हणून हे मला लिहावे लागते आहे.

नारायणगुड्यात मालतीबाई बायकांना गाडी शिकवत. पहिल्या दिवशी चपला काढायला लावत. "पायाला आधी पेडल कळू दे," म्हणत. तेलुगू सुना घाबरल्या की "मेल्लगा अम्मा, हळू" अशी दोन्ही भाषांतून समजूत काढत. समोरच माझे स्पेअर पार्ट्सचे दुकान. मीही त्यांच्याकडेच शिकलो. गिऱ्हाइकाशी भांडून आलो की माझ्या पायाखाली गाडी उडायची. "सेठ, तुमचा पायसुद्धा घासाघीस करतो. सोडा की क्लच अलगद." मी गाडीला शिवी हासडली की त्यांचे ठरलेले उत्तर, "गाडी चुकत नाही. पाय चुकतो."

बाजार खुला झाला, कार्ब्युरेटरचे दिवस संपले. बाईंनी हौसेने इंजेक्शनची गाडी घेतली. लोण्यासारखी चालायची. पुढे भेसळीच्या पेट्रोलने इंजेक्टर तुंबले. मी माल आणायला मुंबईला गेलो होतो. बाई त्या गॅरेजात गेल्या.

त्यानंतर चिक्कडपल्लीच्या गर्दीत गाडी आचके देऊ लागली. मोकळ्या रस्त्यावर काही जाणवत नसे, पण हळू चालवताना पेट्रोल जास्त पडे. गाडी उसळे, सिग्नलला बंद पडे. आणि शिकणारीला तर हळूच चालवायचे असते.

"बोनेट उघडून बघतो," मी म्हणालो.

"कशाला? इंजेक्टर नवे आहेत, ओरिजिनल. माझाच पाय म्हातारा झाला, सेठ."

मी चिडलो, वाद घातला. बाई हसल्या आणि विषय बदलला. महिन्याभरात शिकवणीची पाटी उतरली, गाडीवर कापड पडले. ऑटोत मागे बसल्या तरी त्यांचा पाय नकळत क्लच दाबायचा. मी मान वळवून घ्यायचो.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मुलगा गाडी विकायला माझ्याकडे घेऊन आला. मी इंजेक्टर काढले, त्यांच्यावरचे नंबर वाचले. ते मोठ्या इंजिनाचे होते.

मग गॅरेजात गेलो. तो म्हणाला, "सब एकीच है सेठ. चली ना गाडी?"

चालली. बाईंचे चालवणे थांबले. आपणच निकामी झालो, असे समजून त्या गेल्या. मला भरपाई नको. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या बायका अजून याच रस्त्यांवर गाड्या चालवतात. गॅरेजवाल्या, त्यांच्यासमोर उभा राहा आणि सांग, चूक कोणाची होती.