मुनीरभाईंनी धुतलेला पक्षी

इथे आखातात, वादी कबीरला आमच्या बिल्डिंगखाली मुनीरभाईंचा फोटो स्टुडिओ आहे. रत्नागिरीचे मुनीरभाई पासपोर्टपासून बारशापर्यंत सगळे फोटो काढतात आणि त्यांच्या फोटोत कुणीही वाईट दिसत नाही. माझ्या लेकीच्या बारशाचा अल्बम बघून मी रात्र रात्र जागलेली बाळंतीण होते, हे कुणाला खरं वाटत नाही. हनुवटीखालची माझी घडीही त्यांनी न विचारता उडवून टाकली. मी रागावले नाही, खोटं कशाला बोलू?

या माणसाला पक्ष्यांचं वेड. ऐन उन्हाळ्यात, भलेभले एसी सोडून हलत नाहीत तेव्हा, हे परवाना काढून महूतकडच्या एका बेटावर जातात. तिथे क्रॅब प्लोव्हर नावाचे पांढरे-काळे, लांब पायांचे पक्षी वाळूत बीळ खणून अंडं घालतात. डोक्यावर ओला टॉवेल घेऊन मुनीरभाई लांब पालथे पडतात आणि मोठ्या लेन्समधून टिपत बसतात. उडत्या पक्ष्याचे ढिगाने फोटो वाया गेले. कुठे नुसती शेपटी, कुठे नुसतं आभाळ. यंदा मात्र साधलं: पंख पसरून, चोचीत खेकडा धरून बिळाशी उतरणारा पक्षी आणि बिळाच्या तोंडाशी पिल्लाचं डोकं. नर की मादी हे दिसण्यावरून कळत नाही म्हणे, पण मुनीरभाईंच्या मते ती आईच.

अझैब्यातल्या पक्षिप्रेमींच्या प्रदर्शनाला तो फोटो मीच पाठवला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंतींसाठी फोटो काढणाऱ्या या माणसाचं नाव एकदा तरी भिंतीवर लागावं, एवढीच माझी हाव. निवडही झाली. मग परीक्षकांचा मेल आला: पक्षी संशय यावा इतका स्वच्छ आहे, मूळ फोटो उद्यापर्यंत पाठवा, नाहीतर नाव रद्द.

मी तणतणत खाली गेले. "मुनीरभाई, काय करून ठेवलंत?"

"काय नाय, नयनाताई. जरा साफ केली. बिळात जाऊन-येऊन छाती मळलेली, पिसं मोडलेली, दारात खेकड्यांचा कचरा."

"मग मूळचा द्या!"

"नाय देनार." एरवी लोण्यासारखा माणूस, पण हटूनच बसला. "दिवसभर पोरासाठी राबते बिचारी. तशी चार लोकांपुढं उभी करू तिला? नको ते प्रदर्शन. खलास."

मी कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात रत्नागिरीहून त्यांच्या बायकोचा, अमीरुन्निसाभाभींचा, व्हिडिओ कॉल आला. मी फोन जवळजवळ हिसकावून घेतला, सगळा प्रकार सांगितला आणि कॉम्प्युटरवरचे दोन्ही फोटो त्यांना दाखवले. भाभी भाकऱ्या थापत होत्या, हात पिठाने भरलेले. मळक्या पक्ष्याकडे त्यांनी पिठाचं बोट केलं.

"ही खरी हाय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुमी सुट्टीवर येता, मला सांगता, नवा ड्रेस घाल, पावडर लाव, मग फोटो काढता. पोरं वाढवताना मी कशी दिसायची, तुमच्याकडं एक तरी फोटो हाय काय? तशी मी चांगली दिसत नाय?"

माझे डोळे भरून आले, सांगायला लाज कसली? मुनीरभाईंनी परीक्षकांच्या नावे नवा मेल उघडला, मळका फोटो जोडला आणि पाठवून दिला. मग माझ्या हातातून फोन घेतला.

भाभी पदराला हात पुसायला लागल्या होत्या.

"पुसू नको," मुनीरभाई म्हणाले. "तशीच थांब." आणि त्यांनी फोनवरच तिचा फोटो घेतला.