मस्तगडची मोठी बस

"मावशी, समोर दोनशे छप्पन लागलंय," एवढंच सांगून गजानन उठला. त्याच्यामागं परतूरची बाकीची पोरंही उठली.

ही पॉलिटेक्निकची पोरं. रोज रेल्वेनं जालन्याला यायची आणि कॉलेज सुटलं की परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत मस्तगड भागातल्या माझ्या गेम पार्लरमध्ये बसायची. माझी दुपार त्यांच्यावर चालायची. मोबाइल आल्यावर माझा एसटीडी बूथ बसला होता. त्याच जागेत मी सहा कॉम्प्युटर मांडले होते. हेही बसलं तर औरंगाबादला मुलाकडं जाऊन सुनेच्या हाताखाली लसूण सोलायचा होता. सून चांगली आहे. लसूण सोलणं मला आवडत नाही.

समोरच्या गाळ्यात बबनरावांनी नवीन पार्लर उघडलं होतं. बोर्डावर मोठ्या अक्षरात '२५६ एमबी' असं लिहिलं होतं. ते काय असतं हे मला माहीत नव्हतं. पोरं त्यामागं गेली, एवढं कळलं.

मी तडक सलीमकडं गेले. सलीम मस्तगडातलाच. कॉम्प्युटर दुरुस्त करतो, पार्टही विकतो.

"दोनशे छप्पन दे, सहा," मी म्हणाले.

तो ग्राफिक्स कार्डाचा डबा काढायला लागला. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात बसवायची पट्टी. पडद्यावर चित्र काढणं हे तिचं काम. खेळात चित्र सारखं बदलतं, म्हणून कार्ड मेंगळट असलं की खेळ अडकतो. माझी जुनी कार्डं तशीच होती.

काउंटरवर दोन डबे आले. किमतीला जवळपास सारखे. मी चौथी शिकलेली, पण आकडे वाचता येतात. एका डब्यावर मोठं दोनशे छप्पन आणि खाली बारीक चौसष्ट. दुसऱ्यावर मोठं एकशे अठ्ठावीस आणि खाली परत बारीक एकशे अठ्ठावीस.

"ह्याच्यावर एकच आकडा दोनदा का छापलाय?"

"वरची मेमरी, आपा. खालची बस."

"कुठली बस?"

सलीम हसला. मग त्यानं नीट सांगितलं. मेमरी म्हणजे चित्रांचं सामान ठेवायचं गोदाम. बस म्हणजे त्या गोदामाचा दरवाजा. परतूरला कापसाचं गोदाम केवढंही बांधा, दार एका गाडीचं असलं तर गाड्या बाहेर तुंबणारच. पहिल्या कार्डाचं गोदाम मोठं, पण दार चौसष्टचं. दुसऱ्याचं गोदाम निम्मं, पण दार दुप्पट रुंद. दोन्हींचा स्पीड बराबर. म्हणजे एका सेकंदात दुसऱ्यातून दुप्पट माल बाहेर पडणार.

"मंग दाराला दार म्हणायचं सोडून बस का म्हणतात?"

"मी नाव ठेवलं का, आपा?"

"आन् दुप्पट माल म्हणजे खेळ दुप्पट पळंल?"

"बिलकुल न्हाई. हा कागदावरचा हिशेब. कागदावर रस्ता नेहमी रिकामा असतो. तुमच्या मशिनी जुन्या हायत, त्या बी अडवतील की."

ही गोष्ट मला पटली. पण कागदावर पटलेलं मी विकत घेत नाही. दोन्ही कार्डं माझ्याकडं आणून लाव म्हणाले. त्यानं शेजारशेजारच्या दोन मशीनमध्ये ती बसवली आणि एकच लढाईचा खेळ दोन्हीकडं सुरू केला. आधी काही फरक दिसेना. मग बॉम्ब फुटला आणि पडदाभर धूर झाला. पहिल्या मशीनवरचा शिपाई उचकी लागल्यासारखा चालायला लागला. दुसऱ्यावरचा थोडा दमला, पण चालत राहिला. दुप्पट वगैरे काही नव्हतं. पण उचकी नव्हती.

मी दुसऱ्या डब्यातल्यासारखी सहा घेतली. वर्षाची शिल्लक त्यात गेली. पेंटरकडून बोर्डावर '१२८ एमबी' असं लिहून घेतलं आणि दार उघडून बसले.

कोणी आलं नाही. गजानन रस्त्यात भेटला, तर त्याला गोदाम आणि दार समजावून सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही काय बी म्हणा. एकशे अठ्ठावीस म्हणजे निम्मंच की." इंजिनिअर होणारा पोरगा. गणित बरोबर होतं त्याचं.

मग मी पेंटरला परत बोलावलं. आकडा पुसायला लावला आणि त्या जागी लिहून घेतलं: 'आमची बस मोठी आहे. समोरची लहान.'

"ट्रॅव्हल्स टाकली का मावशी?" पेंटरनं विचारलं. त्याला म्हटलं, तू लिही.

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं ते पत्र्याची पेटी घेऊन. धोतर-टोपीतला म्हातारा, सोबत बायको. पेटी ठेवून दोघं बाकावर टेकले.

"घनसावंगीला कवा निघती?"

"ही जाणारी बस न्हाई, बाबा."

"बंद पडली का?"

ती बस कॉम्प्युटरमध्ये असते, हे मी त्याला सांगायला लागले. तो ऐकत होता, बायको पेटी धरून माझ्याकडं संशयानं बघत होती. समोरच्या दारात परतूरची पोरं पोट धरून हसत होती. शेवटी गजानन रस्ता ओलांडून आला.

"कुठंय हो मावशी तुमची बस?"

"आत हाय. बस, मंग दिसंल."

तो बसला, चेष्टा म्हणूनच. बाकीचे खुर्चीमागं उभे राहिले. खेळ सुरू झाला, धूर झाला, आणि गजाननचं हसणं थांबलं. तो पडद्याकडं सरकला. थोड्या वेळानं मान न वळवता मागच्यांना म्हणाला, "अटकून न्हाई राह्यलं रे." मागचे एकेक करून बाकीच्या मशीनवर बसले. त्या दिवशी सगळ्यांची गाडी चुकली. परतूरला जीपनं गेले म्हणे, निम्मे टपावर. दुसऱ्या दिवशी परत आले.

महिनाभरानं बबनरावांनीही कार्डं बदलली आणि बोर्डावर लिहिलं, 'आमची पण बस मोठी.' तोवर पोरांना माझ्याच खुर्च्यांची सवय लागली होती.

ती कार्डंही सलीमनंच विकली. आधीची दोनशे छप्पनवालीही त्यानंच दिली होती, हे मला तेव्हा कळलं. मी त्याला विचारलं, मला सांगितलंस ते बबनरावांना का सांगितलं नाहीस?

"त्यांनी आकडा मागितला, आपा. मी आकडा दिला. बारीक काय लिहिलंय ते तुम्ही विचारलं."

तेव्हापासून मी काहीही घेताना डब्यावरचा लहान आकडा आधी विचारते. मोठा आकडा दुकानदार आपणहून सांगतो.

बोर्ड मी बदलला नाही. पार्लर होतं तोवर घनसावंगीची माणसं येऊन तिकीट मागायची. मी त्यांना पाणी द्यायचे आणि स्टँडचा रस्ता दाखवायचे.