भात्याकडे जाणारा हात

सुशीलाचा डावा हात पुन्हा पियानोच्या पट्ट्यांवरून उठला आणि समोरची पुस्तकाची फळी ढकलू लागला. उजवा मात्र बिनचूक वाजवत होता.

"हात खाली!" मी ओरडलो.

"मी मुद्दाम नाही करून राह्यली सर. तो आपोआपच जाते."

परीक्षेला बारा दिवस होते.

महाराष्ट्र राज्य नवं होतं तेव्हाची गोष्ट. बुलढाण्याच्या एका ट्रेनिंग क्लासमध्ये मी संगीत शिकवायचो. बालवर्गाच्या शिक्षिका तिथे तयार होत, आणि त्यांना पियानो सक्तीचा होता. सुरुवातीला एक छोटा धडा असे, त्याला आम्ही 'स्टडी' म्हणायचो. उजव्या हाताला साधी चाल, डाव्याला आलटून पालटून दोनच स्वर. दोन्ही हातांना एकाच वेळी वेगवेगळं काम जमावं, एवढ्यासाठीच तो. मिनिटभराचाही नाही, पण तो आला नाही तर नापास.

सुशीला धाडची, बौद्ध कुटुंबातली. वडिलांच्या गायन पार्टीत लहानपणापासून पेटी, म्हणजे हार्मोनियम वाजवायची. नवऱ्याने टाकलेली. चार वर्षांची मुलगी भावजयीकडे ठेवलेली, आणि भावजय पोरीवर हात उचलायची. पास झाली तर शाळेत नोकरी होती, राहायला खोली होती. मुलीला जवळ आणता आलं असतं.

"मंदा पुसते, आई मले कधी नेशीन," असं तिने एकदाच सांगितलं होतं.

पेटी येते म्हणून मी खूश होतो. गाढवपणा माझा. पेटीवर सूर उजव्या हाताने काढतात आणि डाव्याने मागचा भाता हलवतात. उजवा वाजू लागला की डाव्याने भात्याकडे जायचं, हे तिच्या हाडात मुरलेलं. मी काय केलं, तर एक महिना नुसता उजवा हात घेतला आणि एक महिना नुसता डावा. मलाही तसंच शिकवलं होतं. सुटे हात उत्तम बसले. एकत्र आणले आणि डावा पळाला.

मग मी आणखी शहाणपणा केला. कापडाची एक पट्टी तिच्यापुढे टाकली.

"डावं मनगट पियानोच्या पायाला बांध."

तिने एका हाताने आणि दातांनी गाठ मारली. हात जागेवर राहिला, स्टडी सुरेख वाजला. आठ दिवस तसंच चाललं. मनगटावर वळ उठले.

"सर, परीक्षेत पट्टी चालते काय?"

"तोवर सवय होईल."

सवय झाली ती पट्टीची.

परीक्षेला प्राचार्याबाई समोर बसल्या होत्या. तिसऱ्या ओळीला डावा हात उठला, फळीवर आदळला, पुस्तक खाली पडलं. तिने उचललं, पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने डावा हात मांडीखाली दाबला आणि नुसता उजवा शेवटपर्यंत वाजवला.

बाईंनी मला व्हरांड्यात बोलावलं.

"शिकवण्यात काही राहिलं का? तसं असेल तर महिनाभर वाढवून देते."

माझी नोकरी तेव्हा टेम्पररी होती. त्याच महिन्यात कायम व्हायची होती.

"नाही बाई," मी म्हणालो, "तिच्या हातालाच वळण नाही."

खोलीचं दार उघडं होतं आणि ती आतच होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

संध्याकाळी वळकटी घेऊन ती एसटी स्टँडकडे निघाली. फाटकाशी मी उभा होतो.

"महिना भेटला असता न, सर?" तिने विचारलं.

मी फाटक उघडून धरलं. ती गेली.

पुढच्या वर्षी पेटी वाजवणाऱ्या दोघी आल्या. पहिल्या दिवसापासून दोन दोन स्वर का होईना, पण दोन्ही हात एकत्र घेतले. सहा आठवड्यांत दोघींना स्टडी आला, आणि एकीला ती खोलीही मिळाली. मंदा भावजयीकडेच राहिली.

पेटीवाल्याला पियानो शिकवताना हात सुटे शिकवू नयेत. पुढे रिटायर होईपर्यंत मी हे प्रत्येक नव्या शिक्षकाला सांगत आलो. मला ते कसं कळलं, हे कुणालाच सांगितलं नव्हतं.