सरांचं कुलूप मोडलं तेव्हा

निवृत्तीनंतर लोक बाग फुलवतात. आमच्या गणिताच्या सरांनी सांगलीतल्या घरी, जेवणाच्या टेबलावर, माहिती कुलूपबंद करायची नवी पद्धत रचायला घेतली. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी. कडेगावहून एसटीनं यायची, काकूंच्या हातचा चहा प्यायची आणि सरांशी भांडायची.

भांडण असायचं शेपटावरून. अशा पद्धतीत मजकुराचे सारख्या मापाचे तुकडे पाडून ते गुप्त करतात. पण मजकूर काही माप बघून येत नाही. शेवटी अपुरा तुकडा उरतोच, तेच शेपूट. त्यात भर घालावी, तर मजकूर लांबतो. साताऱ्याच्या ज्या दवाखान्यासाठी सर हे फुकट करत होते, तिथल्या जुन्या यंत्रणेत एका अक्षराचीही जादा जागा नव्हती. म्हणून सरांनी शेपटाला शेजारच्या तुकड्याकडून उसनं घ्यायला लावलं आणि सगळा मजकूर पुढून मागे, मग मागून पुढे असा घुसळला. एक अक्षर बदललं, तरी सगळं बदललं पाहिजे. फार देखणं काम होतं, अजूनही म्हणते.

ते दवाखान्यात बसवायच्या आदल्या आठवड्यात मला फट सापडली. शेवटी एकच अक्षर उरलं, की परतीची फेरी पहिल्या तुकड्यापर्यंत पोचतच नव्हती. तो एकटाच गुप्त होत होता. आणि नोंदीची सुरुवात व्हायची आजाराच्या नावानं! एकाच नावाचं गुप्त रूपही मग एकच, म्हणजे कुठल्या दोन बायकांचा आजार एकच आहे, हे कुलूप न उघडताही दिसलं असतं. गावाला कळू नये म्हणून साताऱ्यापर्यंत जाणाऱ्या बायकांचं पुढं काय झालं असतं, ते आमच्याकडं कुणाला सांगायला नको.

पण सांगितलं, तर सरांची सगळी मेहनत मातीत. तरी एसटी धरून सांगली गाठली आणि त्याच टेबलावर सरांना फट दाखवली.

सरांनी स्वतः करून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडले, "आगं, ऐकलंस का, पोरीनं चीतपट केलं मला! गुरूची विद्या गुरूला!" लगेच दवाखान्याला फोन करून काम थांबवलं. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ चष्मा पुसत बसले.

आज मीही अशी कुलपं रचते. माझी रचना कुणी फोडली, की मी आधी आभार मानते, मग चरफडते. हा क्रम मी त्या टेबलावर शिकले. सरांची जन्माची ऋणी आहे.

"सांगताना भ्या वाटलं व्हय गं?" त्या दिवशी मी निघताना सरांनी विचारलं.

"लय," मी म्हणाले.

"मला बी ऐकताना वाटलं. पण जगलो की दोघं बी."