खोगीर खाली, पाय वर

म्हसावदच्या पाटलांकडे मी मोटारसायकल चालवायला राहिलो, तेव्हा माझे पाय जमिनीला टेकत नाहीत हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला. धडगावच्या कामांना नेणारा माणूस हवा होता. मी शाळा अर्ध्यात सोडलेला, मालवणाकडचा, बुटका. गाडी मुंबईत एका गॅरेजात शिकलो, पण ती लहान होती. पाटलांची ही एका साहेबाकडून घेतलेली जुनी, लांबच्या प्रवासाची, दांडगी. मी ओट्यावरून चढायचो आणि ओट्याशीच उतरायचो.

एकदा चावडीपुढं थांबावं लागलं आणि गाडीसकट आडवा झालो.

"इतलासा माणूस कसाले आना, भाऊ?" कुणीतरी पाटलांना विचारलं.

पाटील मला म्हणाले, "सोमवारले धडगाव जानं शे. पाय टेकनात ते ऱ्हा, नही ते तुन्हा गावले जा." म्हणजे पाय टेकले तर नोकरी, नाहीतर गावाची वाट.

गावाला जाऊन काय तोंड दाखवणार? आईला नोकरी लागली सांगून निघालो होतो.

कुणी म्हणे जोड्यांना जाड तळवे ठोक, कुणी म्हणे चाकं लहान बसव. डोक्यात नुसता काला. शेवटी घोड्यांची खोगिरं शिवणाऱ्या चाचांकडे गाडी नेली. त्यांनी बैठकीखालच्या स्प्रिंगा काढल्या, बैठक चार बोटं खाली घेतली आणि वर नवी गादी शिवली.

"दूरना पल्ला शे, बेटा. बैठक चौडी पाहिजे."

बसलो. खरंच गादीसारखं वाटलं. पण पाय? आधी बोटं तरी जमिनीजवळ जायची, आता तीही अधांतरी. चाचांनी पुन्हा माप घेतलं. बैठक खालीच आली होती.

"जमीन खाले गई का काय?" ते म्हणाले.

मला हसावं की रडावं कळेना. खाली आलेल्या बैठकीवरून पाय वर कसे जातात? मी तसाच बसून राहिलो. चाचा समोर उकिडवे बसून माझ्या फाकलेल्या मांड्यांकडे बघत होते. मग त्यांनी कपाळावर हात मारला.

"अरे, घोडीवर कोन पाय टेकस!"

खोगिराच्या सवयीनं रुंद शिवलेल्या गादीचा पुढचा भाग त्यांनी दोन्ही बाजूंनी कापून निमुळता केला. मांड्या जवळ आल्या, बोटं टेकली. टाच नाहीच.

सोमवारी निघालो. घाटात एका वळणावर समोरून बैलगाडी आली. थांबलो, डावा पाय टाकला, खडीवर बोटं घसरली. गाडी कलली, आता पडणार म्हणून डोळे मिटले, आणि ती जागच्या जागी उभी राहिली. खाली पाहिलं तर दोन्ही बाजूंना मागून आलेले पाटलांचे जोडे, टाचेसकट रोवलेले.

बैलगाडी गेली.

"टेकनात ना तुन्हा पाय?" त्यांनी दरीकडे बघत विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"मंग चाल."

मला घालवायचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढं दर थांब्याला आधी माझी बोटं, मग त्यांचे जोडे. त्यांनी पाय टाकला तो मला ठेवून घ्यायला, की स्वतः दरीत जाऊ नये म्हणून? माझे पाय त्यांना दिसत तरी होते का? मला अजून ठरवता येत नाही. विचारायचं धाडस झालं नाही. उपकार मात्र मी रोज मानत आलो, कशाचे ते नीट न कळताच.